पडद्यावर सदतीस, ट्यूबमध्ये खपली

व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाची श्वासनलिकेतली ट्यूब वाळलेल्या कफाने आतून बंद पडते, हे आयसीयूत काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. हवेला ओल कमी पडली की असे होते, हेही ठाऊक असते. या रुग्णाची ट्यूब बंद पडली तेव्हा मात्र गरम पाण्याचा ह्युमिडिफायर, म्हणजे हवा तापवून ओली करणारे यंत्र, चालू होता. त्याच्या चेंबरमध्ये (पाण्याच्या भांड्यात) पाणी होते, पडद्यावर ३७ अंश दिसत होते आणि त्याचा एकही अलार्म वाजला नव्हता. हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे ते त्यासाठीच.

रुग्ण

५४ वर्षांचे गृहस्थ, उंची १६५ सेंटिमीटर. दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया पसरलेला, त्यातून एआरडीएस, म्हणजे फुप्फुसे सुजून ताठ होणे. साडेसात नंबरची, म्हणजे आतून साडेसात मिलिमीटर रुंद ट्यूब घातली आणि ओठापाशी २२ सेंटिमीटरवर बांधली. उंचीवरून काढलेले अपेक्षित वजन ६१.५ किलो, किलोमागे ६ मिलीच्या हिशेबाने दर श्वासाला ३७० मिली हवा. श्वासांचा वेग मिनिटाला ३२, म्हणजे मिनिटाला जवळपास १२ लिटर. पीप (श्वास सोडल्यावरही फुप्फुसात राखलेला दाब) १२, ऑक्सिजन ६० टक्के. पीक प्रेशर (हवा आत ढकलतानाचा सर्वोच्च दाब) ३३, प्लॅटो (हवा आत क्षणभर थांबवून मोजलेला दाब) २६.

शेवटच्या दोन आकड्यांमधला ७ चा फरक लक्षात ठेवा. प्लॅटो सांगते फुप्फुस किती ताठ आहे. पीक आणि प्लॅटोमधले अंतर सांगते वाट किती अरुंद आहे. हवेचा प्रवाह आम्ही मिनिटाला ६० लिटर, म्हणजे सेकंदाला बरोबर एक लिटर ठेवला होता. त्यामुळे हे अंतर हाच थेट वाटेचा प्रतिकार.

पहिले तीन दिवस: कृत्रिम नाक

सुरुवातीला आमच्या नेहमीच्या पद्धतीप्रमाणे एचएमई फिल्टर लावला. याला कृत्रिम नाक म्हणतात आणि ते नाव चपखल आहे. रुग्णाने सोडलेल्या श्वासातली ऊब आणि ओल हा फिल्टर धरून ठेवतो आणि पुढच्या श्वासाला परत देतो. वीज लागत नाही, पाणी लागत नाही, सर्किट (व्हेंटिलेटरपासून रुग्णापर्यंतच्या नळ्या) कोरडे राहते. शस्त्रक्रियेनंतर एक-दोन दिवस व्हेंटिलेटरवर असणाऱ्या रुग्णाला तो उत्तम चालतो, आणि आजही मी तो वापरतो.

पण या रुग्णासाठी ती निवड चुकीची होती, हे मी आज ठामपणे म्हणेन. फिल्टरच्या आत सुमारे ५० मिली जागा असते आणि तेवढी हवा दर श्वासाला नुसती ये-जा करते. ३७० मिलीच्या श्वासातले ५० मिली असे गेले तर कार्बन डायऑक्साइड साठतो. झालेही तसेच, रक्तात तो ६२ वर होता. दुसरे म्हणजे मिनिटाला दहा लिटरच्या वर हवा जाऊ लागली की या फिल्टरची ओल परत देण्याची ताकद कमी पडत जाते. कफ घट्ट, भरपूर किंवा रक्तमिश्रित असेल, शरीराचे तापमान ३२ अंशांखाली असेल किंवा ट्यूबभोवतीच्या फुग्याच्या कडेने वा फुप्फुसाच्या छिद्रातून हवा गळत असेल, तरीही तो लावू नये. गळणारी हवा फिल्टरकडे परतच येत नाही, मग तो साठवणार काय?

तिसऱ्या दिवशी कफ पिवळा आणि तारेसारखा ओढला जाईल इतका चिकट झाला. फिल्टर आतून डागाळला होता. आम्ही तो काढून गरम पाण्याचा ह्युमिडिफायर जोडला. सहा तासांत कार्बन डायऑक्साइड ५३ वर आला. सगळ्यांना हायसे वाटले. कफाचा प्रश्नही आता सुटणार, असे आम्ही गृहीत धरले आणि त्या विषयावरचे लक्ष काढून घेतले.

(इथे एक धोक्याची सूचना, या प्रकरणात घडली नाही तरी. गरम ह्युमिडिफायर जोडताना जुना एचएमई काढायचा राहिला, तर तो वाफेने भिजून फुगतो आणि रुग्णाची हवा अडवतो. दोन्ही एकत्र कधीही नकोत. ड्युटी बदलताना ही चूक होते, म्हणून नवीन सिस्टरने सर्किटवरून ट्यूबपासून व्हेंटिलेटरपर्यंत एकदा हात फिरवावा.)

चौथा आणि पाचवा दिवस

आता मागे वळून पाहिले की खुणा किती होत्या ते दिसते. चौथ्या दिवशी सक्शनच्या (नळीने कफ ओढून काढण्याच्या) नोंदीत ‘कफ कमी’ असे लिहिले आहे. आम्ही ते सुधारणेचे लक्षण मानले. न्यूमोनियाच्या रुग्णात घट्ट कफ एकाएकी कमी होणे म्हणजे तो तयार होत नाही असे नव्हे. तो बाहेर येत नाही, असाही त्याचा अर्थ असतो.

पाचव्या दिवशी दुपारी सिस्टर म्हणाल्या, “सर, कॅथेटर आत जाताना अडकतंय.” कफ ओढायची बारीक नळी, १२ नंबरचे कॅथेटर, बाहेरून ४ मिलिमीटर जाड. साडेसातच्या ट्यूबमध्ये ते सहज जायला हवे. मी दोन मिली सलाइन टाकून सक्शन करायला सांगितले. थोडी खपली आली, कॅथेटर गेले, विषय संपला. सलाइन टाकून सुकलेला कफ ओला होत नाही. तो पृष्ठभागावरून घरंगळतो आणि उरलेले सलाइन फुप्फुसात उतरते. हे मी विद्यार्थ्यांना शिकवत आलो आहे आणि त्या दुपारी मीच ते केले.

संध्याकाळी पीक प्रेशर ४१, प्लॅटो २६. अंतर सातावरून पंधरावर गेलेले. प्लॅटो तेच होते, म्हणजे फुप्फुस बिघडले नव्हते. वाटेचा प्रतिकार दुपटीहून वाढला होता आणि तो आकडा तक्त्यावर लिहिलेलाही होता. कुणी वजाबाकी केली नाही.

रात्री दोन वाजता

पीक प्रेशर ५० च्या मर्यादेला टेकून अलार्म सुरू झाला. मर्यादा गाठली की व्हेंटिलेटर श्वास मध्येच तोडतो, त्यामुळे ३७० ऐवजी जेमतेम १५० मिली हवा जात होती. ऑक्सिजन सॅच्युरेशन ९३ वरून ८२.

व्हेंटिलेटरपासून सोडवून अंबू बॅगने (हाताने दाबायच्या पिशवीने) हवा द्यायला घेतली, तर बॅग दाबता दाबेना. म्हणजे दोष यंत्रात नव्हता. ट्यूब २२ सेंटिमीटरवर जागच्या जागी. सोनोग्राफीत दोन्ही बाजूंना फुप्फुसाचे आवरण सरकताना दिसत होते, म्हणजे न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाबाहेर छातीत हवा साठणे) नव्हता. सक्शन कॅथेटर ट्यूबच्या खालच्या तिसऱ्या भागात जाऊन थांबले. दोनदा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा केला नाही. कॅथेटर जात नसेल तर ट्यूब बदलण्यासाठी वापरतो ती लांब सळईही जाणार नाही. ट्यूब काढून नवीन घालण्यावाचून मार्ग नव्हता.

एआरडीएसच्या रुग्णाची ट्यूब मध्यरात्री काढणे काय असते, ते ज्याने केले आहे त्यालाच कळते. पीप गेले की फुप्फुस मिटते आणि सॅच्युरेशन दगडासारखे खाली येते. घशात पाहण्याचा कॅमेरा, म्हणजे व्हिडिओ लॅरिंगोस्कोप हातात, नवीन आठ नंबरची ट्यूब तयार, स्नायू शिथिल करणारे औषध दिलेले. सॅच्युरेशन ७१ पर्यंत गेले. नवीन ट्यूब पहिल्याच प्रयत्नात बसली. पाच मिनिटांनी पीक ३२, प्लॅटो २६, सॅच्युरेशन ९२.

रुग्णाच्या पत्नी बाहेर बसल्या होत्या. त्यांना म्हणालो, “नळीत कफ वाळून ती बंद पडली होती. नवीन घातली आहे. काही मिनिटं ऑक्सिजन बराच कमी झाला होता. असं का झालं ते सकाळी शोधतो आणि तुम्हाला सांगतो.” त्या म्हणाल्या, “सांगा मात्र.”

ट्यूब उघडून पाहिली

जुनी ट्यूब टाकून दिली नाही. ब्लेडने लांबीत चिरली. खालच्या भागात तपकिरी, कडक थर होता, वाळलेल्या डिंकासारखा. मध्ये पेन्सिलीच्या शिशाहून थोडे मोठे भोक, तेही वेडेवाकडे. साडेसातची ट्यूब पूर्ण लांबीभर नुसती पाच मिलिमीटरची झाली, तरी शांत प्रवाहाच्या नियमाने प्रतिकार पाचपट होतो. प्रवाह खळबळता असला तर त्याहून जास्त.

प्रश्न असा की हा थर वाळला कसा? फिल्टरच्या तीन दिवसांत सुरुवात झाली असेल, पण नंतरच्या दोन दिवसांत गरम, ओल्या हवेने तो मऊ व्हायला हवा होता. पडद्यावर चेंबरचे तापमान ३७ आणि रुग्णाच्या बाजूचे ४०, म्हणजे अगदी पुस्तकात लिहितात तसे.

थोडे मूळ समजून घेऊ. आपण नाकाने श्वास घेतो तेव्हा नाक आणि घसा मिळून हवा तापवतात आणि भिजवतात. श्वासनलिका जिथे दुभंगते तिच्या थोडे खाली हवा ३७ अंश आणि पूर्ण संपृक्त होते. तेव्हा तिच्या प्रत्येक लिटरमध्ये ४४ मिलिग्रॅम पाणी असते. ट्यूब घातली की हे सगळे टाळून हवा थेट खाली जाते. त्या हवेतला भिंतीतल्या पाइपमधून येणारा ऑक्सिजन तर हाडासारखा कोरडा. मग ओल देण्याचे काम नाजूक श्वासनलिकांवर पडते. कफाचा थर सुकतो, तो वर ढकलणारे सूक्ष्म केस मंदावतात आणि थांबतात. म्हणून यंत्राने दिलेल्या हवेत लिटरमागे किमान ३३ मिलिग्रॅम पाणी असावे, असे मानक आहे. एचएमईकडून किमान ३० ची अपेक्षा असते.

आता मुख्य गोष्ट. ह्युमिडिफायर ओल मोजत नाही. तो तापमान मोजतो. चेंबरमधून बाहेर पडणारी हवा ३७ अंश असेल तर ती पाण्यावरून जाताना भिजलीच असणार, असे त्याने गृहीत धरलेले असते. बहुतेक वेळा ते खरे ठरते. कधी खरे ठरत नाही, ते सकाळी कळले.

पिशवीचा हिशेब

सकाळी नऊला राउंड सुरू झाला तेव्हा रात्रपाळीच्या सिस्टर घरी जायच्या थांबल्या होत्या. म्हणाल्या, “सर, काल सकाळी नऊला स्टराइल वॉटरची नवीन पिशवी लावली. बाकीच्या बऱ्याच खाटांची संपत आली, ही अजून भरलेलीच दिसते.” त्यांनी पिशवीवर वेळ लिहिली होती. हे सगळे प्रकरण त्या एका वाक्याने उलगडले.

चेंबरला पाणी पुरवणारी एक लिटरची पिशवी. चोवीस तासांत २६० मिली गेले होते. रुग्णाला मिनिटाला १२ लिटर हवा, म्हणजे दिवसाला १७,२८० लिटर. २६० ग्रॅम पाणी एवढ्या हवेत वाटले तर लिटरमागे १५ मिलिग्रॅम. व्हेंटिलेटर टर्बाइनचा होता. तो खोलीतली हवा ओढतो आणि तिची स्वतःची थोडी ओल असते. पण साठ टक्के ऑक्सिजन म्हणजे जवळपास निम्मा वायू कोरडा. उरलेल्या निम्म्या हवेतून सगळ्या मिश्रणाला लिटरमागे सहा मिलिग्रॅम मिळाले असे धरू. एकूण २१. श्वास सोडतानाही सर्किटमधून थोडी हवा वाहत राहते आणि पाणी घेऊन जाते, तेव्हा खरा आकडा त्याहूनही कमी असणार. ३७ अंशाला हे ५० टक्के आर्द्रतेच्याही आतले आहे.

ज्या एचएमईला अपुरा म्हणून आम्ही काढले होते, त्याने बहुधा याहून जास्त ओल दिली असती. ४४ आणि २१ मधला फरक दिवसाच्या हवेवर पसरला तर सुमारे चारशे मिली पाणी होते. तेवढी मागणी रोज रुग्णाच्या श्वासनलिकेकडे केली जात होती.

मग चेंबरकडे नीट पाहिले. त्याच्या भिंती स्वच्छ, कोरड्या होत्या. धुके नाही, थेंब नाहीत. ट्यूबला जोडलेल्या लवचीक तुकड्यात, ज्याला आम्ही कॅथेटर माउंट म्हणतो, तिथेही ओल नाही. दोन दिवस सगळे म्हणत होतो की या खाटेचे सर्किट किती छान कोरडे राहते, पाणी काढावे लागत नाही.

कारण खोलीत होते. त्या कोपऱ्यातली वातानुकूलन यंत्रणा तीन दिवसांपासून नीट चालत नव्हती आणि तिथले तापमान ३१ अंशांवर गेले होते. टर्बाइन फिरताना हवा आणखी तापवतो. व्हेंटिलेटरच्या तोंडाशी जादा प्रोब लावून मोजले तर हवा ३५ अंशांची निघाली. म्हणजे ह्युमिडिफायरला ती फक्त दोन अंश तापवायची होती. चेंबरखालची हॉट प्लेट जरा कोमट झाली की चेंबरच्या तोंडाशी ३७ भरायचे आणि प्लेट बंद व्हायची. पाणी तापतच नव्हते, मग वाफ कुठून होणार? त्यापुढे सर्किटमधली तापणारी तार हवेला ४० वर नेत होती. गरम, कोरडी हवा, आणि पडद्यावर दोन निर्दोष आकडे.

थंड खोलीत भिंतीतल्या दाबाच्या हवेवर चालणारा व्हेंटिलेटर असता, तर वीस-बावीस अंशांची हवा सदतीसवर न्यायला प्लेटला कष्ट पडले असते आणि ओल भरपूर मिळाली असती. तोच ह्युमिडिफायर, तेच सेटिंग.

काय बदलले

व्हेंटिलेटर आणि चेंबर यांच्यामध्ये साधी, न तापणारी लांब नळी टाकली, म्हणजे हवा वाटेत थोडी निवते. खाट दुसऱ्या, थंड कोपऱ्यात हलवली. या ह्युमिडिफायरमध्ये अशा परिस्थितीत चेंबरचे तापमान आपोआप वाढवण्याची सोय होती आणि ती बंद ठेवलेली होती. ती चालू केली. तासाभरात चेंबरच्या भिंतीवर धुके आले, कॅथेटर माउंटमध्ये थेंब दिसू लागले. पुढच्या चोवीस तासांत ६२० मिली पाणी गेले. हवा तेवढीच होती, म्हणजे लिटरमागे पिशवीतून ३६ मिलिग्रॅम, शिवाय खोलीतल्या हवेचे थोडे.

त्या दिवशी सक्शन दुपटीने करावे लागले. मऊ झालेल्या खपल्या सुटून येत होत्या. उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग एक्स-रेत मिटलेला दिसला, ब्रॉन्कोस्कोपीने (श्वासनलिकेत दुर्बीण घालून) तिथून श्वासनलिकेच्या फांदीच्या आकाराचा कफाचा साचा निघाला. ओल मिळू लागल्यावर काम वाढले म्हणून कुणी यंत्र पुन्हा कमी करू नये. सर्किटमध्ये साठलेले पाणी मात्र रुग्णाकडे किंवा चेंबरकडे वळवायचे नाही. त्यात जंतू असतात, ते वेगळे काढून टाकायचे. आणि चेंबरला स्टराइल वॉटरच. सलाइन घातले तर मीठ साचते.

बरेच सहकारी एचएमई की गरम ह्युमिडिफायर, या वादात न्यूमोनियाचा मुद्दा आणतात. दोन्हींची तुलना करणाऱ्या अभ्यासांत त्या बाबतीत ठाम फरक दिसलेला नाही, म्हणून त्या मुद्द्यावर निवड करू नये. २०२० च्या कोविड लाटेत विषाणू पसरू नये म्हणून अनेक ठिकाणी सर्वांना एचएमई लावले गेले आणि ट्यूब बंद पडल्याची प्रकरणे ठिकठिकाणांहून नोंदवली गेली. तेव्हा गरम ह्युमिडिफायरकडे वळणे योग्यच होते. फक्त वळलो म्हणजे ओल मिळाली, असे आम्ही मानून बसलो, तिथे चुकले.

आता आमच्या तक्त्यात दोन रकाने वाढले आहेत. एक, दर पाळीला कॅथेटर माउंटमध्ये ओल दिसते का: कोरडे, दमट की थेंब. दुसरा, पिशवीतून किती पाणी गेले. मिनिटाला दहा लिटर हवा घेणाऱ्या रुग्णाला दिवसाला साधारण सहाशे मिली लागतात. तीनशेच्या आत आकडा आला की डॉक्टरांना बोलवायचे. शिवाय पीक आणि प्लॅटोच्या खाली त्यांची वजाबाकी लिहायची.

रुग्णाच्या पत्नींना दुसऱ्या दिवशी चेंबरसमोर उभे करून सगळे दाखवले. भिंतीवरचे थेंब, पिशवीवरची रेघ. यंत्र गरम होते पण पाणी देत नव्हते आणि आमच्या दोन दिवस लक्षात आले नाही, असे सांगितले. त्यांनी विचारले, “दुसऱ्या कुणाचं असं नाही ना?”

तोपर्यंत आम्ही बाकीच्या खाटा तपासल्या नव्हत्या. त्याच दुपारी प्रत्येक पिशवीचा हिशेब केला. त्याच गरम कोपऱ्याला लागून असलेल्या खाटेवर एक तरुण मुलगी होती, तिचा चेंबरही कोरडा निघाला. तिचे पीक-प्लॅटोचे अंतर नऊवरून तेरावर गेले होते, कॅथेटर अजून सरळ जात होते. तिच्या ट्यूबला हात लावावा लागला नाही. गृहस्थांची ट्यूब अकराव्या दिवशी निघाली. त्यांना पहिला खोकला आला तेव्हा कफ पातळ होता आणि तो त्यांनी स्वतः बाहेर टाकला.